वाघाच्या तोंडातले तर्री पोहे

"येतो तं ये ना बे, पण घर सापडन का तुले? आमी सद्या परद्यात आहो."

बाबांच्या नागपूरच्या जुन्या मित्राचं, मेश्रामकाकांचं, हे वाक्य फोनच्या स्पीकरवरून आमच्या नाशिकच्या स्वयंपाकघरात आलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. त्र्याहत्तर वर्षांचा कबड्डीपटू पडद्यात कशाला बसेल? बाबा म्हणाले, "ऐकू कमी येतं त्याला. काहीतरी दुसरंच बोलला असेल." मग शांतपणे पुढे म्हणाले, "गाडीत हवा भरून आण. गुरुवारी निघू."

नागपूरला जायचं असं ठरलं. निमित्त होतं एका मोठ्या कबड्डी स्पर्धेचं. माझे बाबा, वामनराव, नोकरीच्या सुरुवातीला सहा वर्षं नागपुरात होते आणि ज्या मैदानावर ते खेळले तिथेच ही स्पर्धा भरणार होती. शेवटच्या दिवशी बक्षीस द्यायला दिल्लीहून फार वरचे पाहुणे येणार होते. नाव लिहीत नाही, कारण नागपुरात आम्हाला दोन दिवसांत पाच जणांनी पाच वेगवेगळी नावं छातीठोकपणे सांगितली. मी दोन पास मिळवले, नवऱ्याच्या हाती घर सोपवलं आणि पहाटे पाचला गाडी काढली.

गाडीने जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सिन्नरजवळ समृद्धी महामार्गावर चढायचं ते थेट नागपूरच्या अलीकडे शिवमडक्याला उतरायचं. रस्ता इतका सरळ आहे की खड्डे नसल्याची खंत वाटावी, कारण खड्डा निदान जागं ठेवतो. टायर तपासून घ्या. पेट्रोल दिसलं की भरा, "पुढे बघू" म्हणू नका. खायला घरून घ्या. आम्ही धपाटे आणि दही नेलं होतं. आणि शेजारी बोलका माणूस बसवा. माझे बाबा बोलके नाहीत. जालन्यापर्यंत ते तीन वाक्यं बोलले आणि त्यातली दोन माझ्या वेगाबद्दल होती.

दुपारी दोनला नागपूर लागलं आणि बाबांना वाचा फुटली.

"मिने, आपण चुकून दुसऱ्याच गावात आलो."

गावाला नुसता रंग चढला होता. दुभाजक पिवळे-काळे, झाडांची खोडं गेरू-चुन्याने रंगवलेली, उड्डाणपुलाच्या खांबांवर रिक्षाएवढाली संत्री. प्रत्येक दुभाजकावर कुंड्या, आणि प्रत्येक कुंडी तारेने शेजारच्या कुंडीला बांधलेली. नागरिकांवर विश्वास आहे, पण कुंडीपुरता नाही. गतिरोधक खरवडून काढले होते, त्यामुळे वर्षानुवर्षं तिथे वेग कमी करणारे लोक सवयीने कमी करत होते आणि मागचे त्यांच्यावर ओरडत होते. एका चौकात एक गाय शांत उभी होती. तिच्या कुशीवर पिवळा-काळा पट्टा उमटला होता. ओल्या दुभाजकाला तिने अंग घासलं होतं. मी हसत खाली उतरून फोटो काढला आणि परत येताना त्याच दुभाजकाला टेकले. माझा निळा कुर्ता आता गायीच्या पंगतीला आहे.

शहरातली सगळी लॉज संघांनी आणि अधिकाऱ्यांनी भरली होती, म्हणून आम्ही अमरावती रस्त्यावर वाडीला उतरलो. ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत, ट्रकच्या पाटे-स्प्रिंगच्या दुकानावर, दोन खाटांची स्वच्छ खोली. तुम्ही गेलात तर मागच्या बाजूची मागा. पुढच्या बाजूला ट्रक हॉर्न वाजवून एकमेकांची विचारपूस करतात. त्यात सध्या शहरात ट्रकांना बंदी, म्हणून रस्त्याच्या कडेने त्यांची लांबलचक रांग. एक ड्रायव्हर चाकाला टेकून संत्रं सोलत होता. मी विचारलं, कधीपासून थांबलात?

"कालपासून. पाव्हना जाईन तवा आमी येऊ." त्याने मला अर्धं संत्रं दिलं. "एवढं काय नवरीवानी सजवलं, बाई. पाव्हन्याची गाडी तं काळ्या काचेची राह्यते."

शुक्रवारी सकाळी ऑटो करून मैदानाकडे निघालो. ऑटोवाल्याने मैदानाच्या कोपऱ्यावर सोडलं आणि बाबा थबकले. त्यांच्या आठवणीत मैदानासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे बाभळीचं झाड आणि झाडामागे मेश्रामांची वस्ती होती. आता रस्त्यापलीकडे एक भिंत होती. जवळ गेलो तेव्हा कळलं, भिंत नव्हे, छापील फ्लेक्स. बांबूच्या सांगाड्यावर ताणलेला, दोन पुरुष उंच आणि नजर पोहोचेल तिथवर लांब. त्यावर संत्र्याचे ढीग, दीक्षाभूमीचा घुमट, हिरवंगार जंगल, आणि मधोमध आ वासलेला, खोलीएवढ्या तोंडाचा वाघ.

मग डोक्यात प्रकाश पडला. परद्यात आहो!

आत जायला वाट दिसेना. आम्ही पडद्याच्या कडेने चालत राहिलो. आतून कुकरच्या शिट्ट्या, रेडिओ, भांड्यांचा आवाज. बाहेरून संत्री आणि जंगल. बाबांनी दोनदा "मेश्राम!" अशी हाक मारली. मग माझ्या गंभीर, तीन वाक्यं बोलणाऱ्या वडिलांनी वाघाजवळ उभं राहून, मांडीवर थाप मारून, मोठ्याने सुरू केलं, "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी..."

पडद्याखालून एक हात बाहेर आला आणि त्याने बाबांचा डावा घोटा गच्च धरला.

मी किंचाळले. बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांचा दम सुटला आणि पडद्यामागून आवाज आला, "औट! वामन्या, पन्नास वर्सं झाले तरी तू डावाच पाय पुढे टाकतं गा?"

मेश्रामकाका त्या काळी नागपुरातले घोट्याच्या पकडीचे उस्ताद होते, हे मला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. प्रात्यक्षिक पहिल्यांदाच पाहिलं.

आत जायची रीतसर वाट वस्तीला वळसा घालून, नाल्याच्या बाजूने, दहा-बारा मिनिटांची होती. आम्ही फ्लेक्सखालून सरपटत गेलो. बाबांच्या इस्त्रीच्या शर्टाचं काय झालं ते विचारू नका.

आत नेटकी वस्ती होती. पक्की छोटी घरं, दारात तुळशीऐवजी जास्वंद आणि कढीपत्ता, कोपऱ्यावर निळा झेंडा, लहानसं विहार. "जय भीम, जय भीम, या ना," म्हणत काका आम्हाला घेऊन आले. उंच, काटक, डोक्यावर एकही केस नाही. छप्पन्न साली त्यांचे आईवडील दीक्षेला गेले तेव्हा काका आईच्या कडेवर होते. बाहेरच्या घुमटाच्या चित्राकडे मान वळवून ते म्हणाले, "फोटो समोर, आमी मागं. पायलं का?"

पडद्याला लागून एक हातगाडी उभी होती. ती त्यांची सून वंदना चालवते. तिचा नवरा ट्रकवर असतो. महिन्यातले वीस दिवस बाहेर. वंदनाचे तर्री पोहे मैदानावर सकाळी धावायला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहेत. गाडी एरवी रस्त्याच्या कडेला, बाभळीखाली असते. स्पर्धेचे चार दिवस म्हणजे तिची दिवाळी, म्हणून तिने कळमन्याच्या बाजारातून पोह्यांची आणि चण्यांची पोती आधीच आणून ठेवली होती. सोमवारी सुशोभनवाले आले, गाडी आत ढकलली आणि समोर वाघ ताणला.

"मी म्हनलं साहेब, मी पदर खोचून स्वच्छ राह्यते, डस्टबिन ठेवते, मले काहून हटवता?" वंदना पोहे परतता परतता सांगत होती. "तं म्हने, चार दिवस कळ काढा. मी म्हनलं, कळ काढीन, पण चने भिजवले ते कळ काढतीन का?"

तिने आमच्या हातात बशा दिल्या. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते: पिवळे मऊ पोहे, वर काळ्या चण्यांचा लालभडक, तेलाचा तवंग असलेला रस्सा, म्हणजेच तर्री, त्यावर चिवडा, कांदा, लिंबू. पहिला घास गोड वाटतो, दुसऱ्याला नाक वाहतं, तिसऱ्याला तुम्ही तर्री वाढून मागता. बशी तीस रुपये. पडद्यापलीकडून शेकडो लोकांच्या पावलांचा आवाज येत होता. सामने सुरू व्हायला तासभर होता. लोक उपाशी होते, पोहे तयार होते, आणि मध्ये वाघ होता.

ऊन पडद्यातून आत येत होतं, त्यामुळे वाघ मागूनही उलटा दिसत होता. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वंदना, याचं तोंड उघडंच आहे. घास काहून नायी घालत आपन?"

वंदनाला एका क्षणात कळलं. ती घरातून कात्री घेऊन आली. मला हसू फुटलं. बाबा मात्र ताडकन उठले. "मेश्राम, ही सुशोभन समितीची मालमत्ता आहे. गुन्हा होतो." माझे बाबा रिकाम्या रस्त्यावरही सिग्नलला थांबणारे. मला वाटलं, संपलं.

"तू बस ना बे. तू पायलंच नायी असं समज," काका सहज म्हणाले.

बाबा बसले नाहीत. तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून, जणू मला एकटीला सांगावं तसे बोलले, "मिने, राज्याच्या संघात माझी निवड झाली होती ना, ती जागा खरं तर याची होती. हा माझ्यापेक्षा कितीतरी वरचा खेळाडू. याचं नाव का नाही आलं ते आख्ख्या संघाला ठाऊक होतं. कोणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. पाहिलंच नाही असं समजून गाडीत बसलो."

वंदनाने झारा खाली ठेवला. काका टकलावरून हात फिरवत जमिनीकडे बघत होते. त्यांनी "जाऊ दे" म्हटलं नाही. म्हणाले, "मालूम होतं मले. तुया तोंडून ऐकाचं होतं." मग नाक पुसून, "काप आता. तर्री आटून राह्यली."

बाबांनी कात्री घेतली. वाघाच्या खालच्या दातांपासून सुरुवात करून दोन्ही गालांनी वर, शिंप्याला लाजवेल अशा सरळ रेषेत कापलं. वरची बाजू ठेवली, म्हणजे झडप झाली. ती वर गुंडाळून वंदनाने हेअरपिनांनी अडकवली. मी पुठ्ठ्यावर लिहिलं, "वाघ स्वतः वाढतो", आणि बाहेर वाघाच्या मिशीला टांगलं.

पहिलं गिऱ्हाईक बंदोबस्तावरचा हवालदार. तो काठी आपटत आला, वाघाच्या जबड्यात डोकावला. आतून वंदनाचा हात बशी घेऊन बाहेर आला. हवालदाराने बशीकडे पाहिलं, दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि म्हणाला, "तर्री जास्त टाक वं."

दुपारपर्यंत रांग लागली. शनिवारी तर लोक वाघ शोधत येऊ लागले. कोणी जबड्यात मान घालून फोटो काढत होतं, कोणी बायकोला घालायला लावत होतं. हरियाणाच्या मुलींचा संघ ट्रॅकसूटमध्ये आला. त्यातल्या एकीने तिसरी बशी घेताना विचारलं, "आंटी, ये शेर रोज खिलाता है?" मी कांदा चिरत होते, काका पैसे घेत होते, आणि सिग्नलला थांबणारे माझे बाबा चण्यांवर कोथिंबीर पेरत होते.

शनिवारी चारला सुशोभन समितीचे ढोबळे साहेब आले. घामाघूम, हातात वॉकीटॉकी, एका बुटावर पिवळा रंग. रांग पांगली. साहेबांनी जबड्यातून आत पाहिलं.

"हे कोणी फाडलं?"

"फाडलं नायी साहेब," काका आतून म्हणाले, "उघडलं. वाघ आहे, किती वेळ तोंड मिटून बसन?"

"मेश्राम, मस्करी नको! उद्या इथून ताफा जाणार आहे. माझी नोकरी जाईल. गाडी जप्त करतो मी, आत्ता!"

वंदनाचा चेहरा पडला. गाडी गेली तर चार दिवसच काय, पुढचं वर्ष गेलं. तेवढ्यात बाबा सरपटत पडद्याबाहेर गेले, उभे राहिले, शर्ट झटकला आणि म्हणाले, "साहेब, कापणारा मी. वामन केशव, राहणार नाशिक. यांचा काही संबंध नाही. लिहून घ्या."

ढोबळे साहेबांनी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग खाली, दगडावर बसले. नवीन फ्लेक्स छापायला वेळ नव्हता, छापणारा फोन उचलत नव्हता, आणि आणखी तीन ठिकाणी कुंड्या तारेसकट गेल्या होत्या. हे सगळं त्यांनीच सांगितलं, आम्ही विचारलं नव्हतं.

"साहेब, सकाळपासून खाल्लं का काई?" वंदनाने विचारलं.

खाल्लं नव्हतं. दुसऱ्या बशीनंतर तह झाला. उद्या ताफा येण्याआधी झडप खाली पाडायची, पिना लावायच्या, आत लाल ताडपत्री धरायची, म्हणजे फट दिसलीच तर वाघाचा घसा वाटेल. ताफा मैदानात शिरला की पुढे "मला काही माहीत नाही," असं साहेब म्हणाले.

रविवारी मी माझा पास मेश्रामकाकांना दिला. ते आधी नको म्हणत होते. "मी परद्यातला मानूस." वंदनाने त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि दोघं म्हातारे वळसा घालून, रीतसर वाटेने, मैदानात गेले.

अडीचला सायरन ऐकू आला. वंदनाने झडप पाडली, पिना लावल्या, ताडपत्री धरली. मला राहवेना. एवढा पाहुणा, आणि आपण न बघता घरी जायचं? मी ताडपत्री जरा बाजूला सारून दातांच्या फटीला डोळा लावला. पहिल्या गाड्या सुसाट गेल्या, वाऱ्याचा झोत आला, पिना सुटल्या, आणि झडप फडफडत वर गेली.

मी, वय सेहेचाळीस, चष्मा, हातात अर्धा कांदा, वाघाच्या तोंडात. समोरून एकामागून एक काळ्या काचा. आत कोण होतं देव जाणे. काहीतरी करायला हवं म्हणून मी नमस्कार केला. कांद्यासकट.

वंदना ताडपत्रीवर बसून हसत होती. "ताई, वाघानं तुमाले खाल्लं ना!"

ताफा मैदानात शिरला आणि दहा मिनिटांत त्याच्या मागच्या गाड्यांचे चालक पायी आले. रुग्णवाहिकेचा, अग्निशमनाचा, सगळे पहाटेपासून उपाशी. "वाघाचे पोहे इथंच का?" हवालदाराने पत्ता दिला होता. सहा वाजता पोत्यात पोहे उरले नव्हते.

म्हातारे सात वाजता भांडत परत आले. शेवटच्या चढाईत हरियाणाच्या मुलीचा हात लागला होता की नाही, यावर. पाहुणे कसे होते, मी विचारलं.

"लांबून एवढासा दिसला," काका म्हणाले. "भाषणात म्हने कबड्डी मातीतला खेळ. आन् खाली मॅट अंथरलेली! पण वामन, तिचा हात लागला होता, मले चष्मा नायी लागत."

"नव्हता लागला," बाबा म्हणाले. ते दोघं अजून रोज फोनवर यावरच भांडतात.

सोमवारी निघालो. वंदनाने डिकीत संत्री भरली, पैसे घेतले नाहीत, आणि बाबांना वाकून नमस्कार करायला गेली तर बाबांनी तिचे हात धरले.

सहल कशी झाली म्हणाल तर मला नागपूर फार आवडलं. थंडीत जा, पोहे सकाळीच खा, रंगाला टेकू नका.

पण घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. आमच्या इमारतीच्या मागे हिरवा पत्रा आहे, दहा फूट उंच. पत्र्यामागे काही झोपड्या आहेत. चार वर्षांपूर्वी सोसायटीने तो ठोकला, "परिसर बरा दिसावा" म्हणून. अर्जावर बत्तीस सह्या होत्या. अकरावी माझी आहे. मी ती सही दूध उकळत असताना, न वाचता केली होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे अर्ज वाचला होता.

मी खाली उतरले आणि पलीकडे जायचा रस्ता शोधला. पेट्रोल पंपाला वळसा घालून, गॅरेजमधून, पंधरा मिनिटं लागली. पहिल्याच दारात शोभाताई इस्त्री करत बसल्या होत्या. आमचे कपडे चार वर्षं त्याच नेतात. मला बघून इस्त्री उचलायची विसरल्या.

"ताई, तुम्ही इकडं? काही हरवलं का?"

"नाही. रस्ता बघत होते."

"होता की रस्ता," त्या म्हणाल्या. "तुमच्या जिन्यापासून वीस पावलं. पत्र्याच्या आधी."

येत्या रविवारी सोसायटीची बैठक आहे. विषयपत्रिकेत सात विषय होते, आठवा, पत्र्याचा, मी घातलाय. शोभाताईंना यायला सांगितलंय. बाबा सभासद नाहीत, तरी पांढरा शर्ट काढून ठेवलाय. अध्यक्षांना यातलं काही अजून माहीत नाही.